वळीवड्याचे पोलिश गाव : ऐकीव गोष्टी आणि खरा इतिहास

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी वॉर्सात गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकापुढे त्यांनी फुले वाहिली, आणि पिंपळे सौदागरात आमच्याकडे त्या आठवड्यात हाच विषय झाला. साहजिकच आहे. कोकणे चौक, शिवार चौक, रहाटणी या पट्ट्यात कोल्हापूर-सांगलीकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबे घरोघर सापडतील. वॉर्सासारख्या शहरात आपल्या गावाच्या नावाची पाटी आहे म्हटल्यावर ऊर भरून येणारच. कोल्हापूरजवळच्या वळीवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडची माणसे राहत होती, एवढे बहुतेकांना ठाऊक होते. त्यापुढची गोष्ट मात्र ज्याची त्याने वेगळी सांगितली.

त्या गोष्टींमागचा जिव्हाळा खरा आहे. तरी त्या नीट तपासून सांगाव्यात असे मला मनापासून वाटते, कारण ऐकीव गोष्टींत आपण सगळे कौतुक आसरा देणाऱ्यांचे करतो. ज्या बायकांनी आणि मुलांनी पंचगंगेकाठच्या माळावर एक अख्खे पोलिश गाव चालवून दाखवले, त्यांच्या वाट्याला ‘बिचारे निर्वासित’ एवढीच ओळख येते.

“हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यू होते ते.”

हा सर्वांत पसरलेला गैरसमज. वळीवड्यात आलेली बहुतांश माणसे कॅथलिक ख्रिस्ती होती, आणि त्यांना घरातून उचलले ते हिटलरच्या नव्हे, स्टालिनच्या माणसांनी.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला हे शाळेत शिकवले जाते. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आत शिरल्या हे मात्र मागे पडते. दोघांनी देश वाटून घेतला. पूर्व पोलंड, म्हणजे ल्वूव, तार्नोपोल, ग्रोद्नो, विल्नो हा टापू, सोव्हिएत ताब्यात गेला. माजी सैनिक, वनखात्याचे कर्मचारी, शिक्षक, पोलीस, सरकारने जमीन दिलेले शेतकरी अशा घरांच्या याद्या झाल्या. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहिली मोठी धरपकड झाली. रात्री दारावर थाप, बांधाबांध करायला थोडासा वेळ आणि मग गुरे वाहून नेण्याच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास. कोणी सैबेरियाच्या जंगलात लाकूडतोडीला, कोणी कझाकस्तानच्या गवताळ मैदानात. १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत अशा चार मोठ्या लाटा झाल्या.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि चित्र पालटले. स्टालिनला मित्र हवे होते. लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारशी ३० जुलैला करार झाला, बंदिवासातल्या पोलिश लोकांना मोकळे सोडायचे ठरले आणि जनरल व्लादिस्लाव आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभे राहू लागले. सैन्य दक्षिणेकडे जमते आहे एवढ्या बातमीवर कुटुंबेच्या कुटुंबे उपाशीपोटी, टायफसने खंगत तिकडे निघाली. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत सुमारे १,१५,००० सैनिक आणि नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. वाटेत किती दगावले याची मोजदाद कोणाकडे नाही. तेहरान, इस्फहान, तिथून कराची, आणि कराचीहून पुढे भारतातल्या वस्त्या, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, थेट मेक्सिको. या एवढ्या मोठ्या पसाऱ्यातला एक धागा वळीवड्याला येऊन टेकला.

त्यामुळे वळीवड्यात पोचलेल्या दहा वर्षांच्या मुलीने तोपर्यंत बर्फ, वाळवंट, समुद्र, आईचे किंवा धाकट्या भावाचे मरण असे सगळे पाहिलेले होते. पुढे तिने शाळेत पहिला नंबर काढला, तर तो केवढा मोठा होता हे या पार्श्वभूमीवर कळते.

“शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला.”

राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज २६ नोव्हेंबर १९४० रोजी निवर्तले. १९४३ मध्ये पोलिश कुटुंबे आली तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतलेले बालराजे शिवाजी होते आणि कारभार महाराणी ताराबाई यांच्या अध्यक्षतेखालचे रीजन्सी मंडळ पाहत होते. ते बालराजेही १९४६ मध्ये वारले.

म्हणजे जागा कोल्हापूर संस्थानची होती, संस्थानाच्या संमतीवाचून आणि मदतीवाचून काही होणे शक्य नव्हते, आणि त्याचे ऋण पोलंड आजही मानतो. पण ही एका राजाने एका दिवसात घेतलेल्या निर्णयाची गोष्ट नाही. वस्तीची योजना दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारची. त्यासाठी प्रमुख निर्वासित अधिकारी म्हणून कॅप्टन वेब नेमलेले होते. मुंबईतले पोलंडचे कॉन्सल जनरल एउगेनिउश बानासिन्स्की आणि पोलिश रेड क्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी जिवाचे रान केले. किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाहू महाराजांच्या नावाला मोठेपणा देण्यासाठी न केलेल्या कामाची गरज नाही. त्यांनी केलेलीच कामे पुरून उरतात.

“जामसाहेबांची छावणी ती हीच.”

नाही. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी सौराष्ट्रात बालाचडी इथे समुद्राकाठी पोलिश मुलांची वस्ती उभारली, १९४२ मध्ये. त्यातली बरीच मुले अनाथ होती. त्यातला पहिला जथा तर रस्त्याने मश्हद, क्वेट्टामार्गे येऊन आधी काही दिवस मुंबईत वांद्र्याला राहिला होता. वळीवडे ही वेगळी वस्ती. तिथे सुमारे ५,००० माणसे होती आणि भारतातली ती सर्वांत मोठी पोलिश वस्ती. दोन्हींचा संबंध आला तो शेवटी: १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली, तेव्हा उरलेल्या मुलांपैकी बहुतेकांना वळीवड्याला आणले गेले. वॉर्सात ‘भला महाराजा चौक’ आहे तो जामसाहेबांच्या नावाचा. कोल्हापूरचे स्मारक वेगळे आहे, मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ, आणि ते तिथेच का आहे ते पुढे येईल.

“तारेच्या कुंपणातली छावणी, तंबू, रांगा लावून जेवण.”

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण वळीवड्याचे खरे अप्रूप यात आहे.

जागा विचारपूर्वक निवडलेली होती. हवा कोरडी आणि बेताची, पंचगंगेचे पाणी जवळ, आणि मिरज-कोल्हापूर हा १८९१ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग अगदी अंगावरून जाणारा. कराचीकडून येणाऱ्या माणसांना गाडीतून उतरून थेट वस्तीत शिरता येई. लांबच लांब, ओळीने बांधलेल्या बराकी. खाली दगडी जोते, वर कौले, भिंतींना चटया. प्रत्येक बराकीचे भाग पाडून कुटुंबागणिक खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे व्हरांडा. सोव्हिएत छावण्यांत सामाईक फळ्यांवर झोपलेल्या बायकांना इथे पहिल्यांदा स्वतःचे दार आणि स्वतःची चूल मिळाली. जेवण रांगेत घ्यायचे नव्हते. बाजारातून भाजी आणायची आणि घरी शिजवायची. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, दूधवाले, भाजीवाल्या, शिंपी यांची तिथे नियमित ये-जा असे, आणि बोटांवर मोजत, अर्ध्या-मुर्ध्या हिंदी-मराठीत घासाघीस चाले. बराकींपुढच्या पट्टीत बायकांनी फुलझाडे आणि वेल लावले. काही महिन्यांत चटयांच्या भिंती हिरव्या झाल्या.

मग उभे राहिले गाव. चर्च, दवाखाना, पोस्ट, दुकाने, नाटक-सिनेमाचे सभागृह, वाचनालय. बालवाडीपासून प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि त्यावरचे वर्ग, शिवाय शिवण-टिपणासारखे व्यवसाय शिकवणारे वर्गही. शिकवणारे बहुतेक त्याच निर्वासितांतले. पुस्तकांचा तुटवडा इतका की एका पुस्तकावरून वर्गाने उतरवून घ्यायचे. मुलांची दोन-तीन वर्षे सैबेरियात बुडाली होती. ती भरून काढण्यासाठी अभ्यास कसून करून घेतला जाई. स्काउट-गाइडची पथके हा तर वस्तीचा कणा होता. आईबाप गमावलेल्या पोरांना शिस्त, सोबत आणि शेकोटीभोवतीची गाणी त्या पथकांनी दिली. ३ मे हा पोलंडचा राज्यघटना दिन संचलनाने साजरा होई, लोकनृत्ये होत, आणि कोल्हापूरची पाहुणेमंडळी ती पाहायला येत.

त्या मुलांना भारताची ओळख करून द्यायला येत असत त्या वांदा दिनोव्स्का. ही पोलिश विदुषी १९३५ पासून भारतात होती, गांधीजींच्या सहवासात राहिली आणि इथे उमादेवी म्हणून ओळखली गेली. तिचे सहकारी मॉरिस फ्रिडमन यांचे नाव मराठी माणसाने तर विसरू नये. वॉर्साचा हा अभियंता गांधीविचाराने भारावून औंध संस्थानात गेला (हे औंध आपल्या राजीव गांधी पुलापलीकडचे नव्हे, खटाव तालुक्यातले) आणि १९३८-३९ मध्ये औंधच्या राजांनी प्रजेला स्वराज्य देण्याचा जो प्रयोग केला त्याची घटना घडवण्यात त्याचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या मुक्त कारागृहाच्या कल्पनेशीही त्याचे नाव जोडलेले आहे. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे ऐकून, इंग्रजीत आणून ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक १९७३ मध्ये त्यानेच सिद्ध केले. महाराष्ट्र आणि पोलंडचा संबंध वळीवड्यापुरताच होता असे म्हणणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

“सगळे संस्थानच्या खर्चाने, फुकट.”

वस्तीचा खर्च मुख्यतः लंडनमधल्या पोलिश परागंदा सरकारच्या पैशातून होत होता, आणि कुटुंबांना ठरावीक भत्ता मिळे. शाळा, दवाखाना, कचेरी, सभागृह यांत काम करणारे पोलिशच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्या परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली आणि मग खर्चाची जबाबदारी ब्रिटिशांवर व आंतरराष्ट्रीय मदत संस्थांवर आली. कोल्हापूरने दिले ते पैशात मोजण्यासारखे नव्हते: जागा, शेजार, आणि परक्या माणसांना निर्धास्तपणे फिरू देणारे शहर. त्या काळात इकडे बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, धान्याला रेशन होते, बेचाळीसच्या आंदोलनातले पुढारी तुरुंगात होते. अशा दिवसांत गोऱ्या कातडीच्या परक्यांविषयी गावात कडवटपणा येणे अशक्य नव्हते. इथे राहून गेलेल्यांच्या आठवणींत मात्र शेजाऱ्यांचा आपलेपणा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो कोणाच्या हुकमाने आलेला नव्हता.

“कर्ते पुरुष सगळे मारले गेले होते.”

काही गेले होतेच. १९४० च्या वसंतात कातिन आणि इतरत्र सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि नागरिक गोळ्या घालून मारले. वळीवड्यातल्या काही बायका अशांच्या विधवा होत्या आणि त्यांना ते पुष्कळ उशिरा कळले. पण वस्तीत तरुण पुरुष नव्हते त्याचे मुख्य कारण ते आघाडीवर होते हे आहे. आंदर्स यांचे सैन्य इराण, इराक, पॅलेस्टाइनमार्गे इटलीत उतरले, आणि १८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश झेंडा लागला. वळीवड्यात त्या दिवसांत पोस्टाची वाट कशी पाहिली जात असेल हे सांगायला नको. कोल्हापूरचे स्मारक वॉर्सात मोंते कासिनोच्या स्मारकाजवळ का, ते यावरून समजते.

आणि आता आपल्याकडे फारशी न सांगितली जाणारी बाजू. इटलीत हे पोलिश सैन्य ज्या ब्रिटिश आठव्या सैन्याचा भाग होते, त्याच सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढत होत्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना नगर जिल्ह्यातल्या शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाठीवर आणले, एकट्याने शत्रूची ठाणी मोडली आणि तोच सन्मान मिळवला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच हल्ल्यात पोलिश सैन्यही होते. वळीवड्याच्या पोरांचे बाप आणि सह्याद्रीच्या कुशीतली पोरे एका नदीकाठी लढत असताना इकडे त्यांची घरे पंचगंगेच्या काठी आणि आसपासच्या खेड्यांत पत्रांची वाट पाहत होती. कोल्हापूर आणि पोलंडच्या नात्याला मला हाच सर्वांत पक्का पाया वाटतो.

“युद्ध संपले आणि ते आपल्या घरी गेले.”

घर राहिलेच नव्हते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकवायला मान्यता दिली. वळीवड्यातल्या बहुतेकांची गावे सोव्हिएत संघात गेली; आज ती युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. उरलेल्या पोलंडमध्ये स्टालिनला अनुकूल सरकार. ज्यांनी त्याची छावणी भोगली होती ते तिथे कशाला जातील? काही गेलेही, नातलग शोधायला. बाकीच्यांपैकी ज्यांचे बाप-भाऊ सैन्यात होते ते ब्रिटनला, बरेचजण पूर्व आफ्रिकेतल्या वस्त्यांत आणि तिथून पुढे, काही ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडाला. काही मुलींनी इथेच लग्ने केली, मराठी नावे घेतली आणि कोल्हापूरच्या घरांत आयुष्य काढले. १९४८ पर्यंत वस्ती रिकामी झाली. लंडनमध्ये जमलेल्या या मंडळींनी पुढे संघटना काढली, वर्षानुवर्षे मेळावे भरवले आणि आपला इतिहास स्वतः लिहून काढला.

“सिंध्यांना आणण्यासाठी पोलिश लोकांना हलवले.”

दोन वेगळ्या घटना एकमेकींना चिकटून आल्यामुळे हा समज झाला. पोलिश कुटुंबे जायला लागली होती ती युद्धोत्तर घडामोडींमुळे. त्याच सुमारास फाळणी झाली, सिंधमधून लाखो हिंदू कुटुंबे मुंबई इलाख्यात आली, आणि रिकाम्या होणाऱ्या बराकी त्यांच्या कामी आल्या. ज्या कराचीहून पोलिश लोक वळीवड्याला आले, त्याच कराचीकडून पाच वर्षांनी सिंधी आले. वस्तीचे नाव गांधीनगर पडले. आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. कोल्हापूर, सांगली, निपाणीकडची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातात. पिंपळे सौदागरच्या वाचकाला हे समजायला फार लांब जायला नको. पवनेच्या पुलापलीकडे पिंपरी कॅम्पात खरेदीला गेलो की तीच फाळणीने उठवलेली, शून्यातून दुकाने उभी केलेली माणसे भेटतात, आणि तिथेही ‘कॅम्प’ हा शब्द पाऊणशे वर्षांनंतर तसाच टिकून आहे.

“आता तिथे पाहायला काही नाही.”

आहे, फक्त ते एका जागी नाही. कोल्हापूर शहरात नागाळा पार्क भागातल्या महावीर उद्यानात पोलिश कुटुंबांनी कृतज्ञतेने उभारलेला स्तंभ आहे. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत वस्तीच्या काळात वारलेल्या पोलिश माणसांच्या कबरी आहेत, त्यांची पोलंडच्या पुढाकाराने डागडुजी झाली. इराणपर्यंत तग धरून इथे आल्यावर वारलेली माणसे आहेत ती. एवढे पार करून आल्यावर शरीराने साथ सोडली. वळीवड्यात सप्टेंबर २०१९ मध्ये स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा लहानपण इथे घालवलेले वृद्ध पोलिश स्त्री-पुरुष मुद्दाम आले होते. जुन्या बराकींपैकी थोड्या अजून ओळखू येतात. बाकीच्यांवर मजले चढले.

पिंपळे सौदागरहून जायचे तर वाकडला महामार्गाला लागून सातारा, कराड करत शिरोलीपर्यंत सरळ रस्ता आहे. तावडे हॉटेलजवळ गांधीनगरकडे वळता येते. रेल्वेची हौस असेल तर मिरजेहून कोल्हापूरला जाणारी पॅसेंजर धरा आणि रुकडीनंतर वळीवड्याला उतरा. ती कुटुंबे याच मार्गाने आली. सकाळी गेलात तर वळीवडे पाहून दुपारी दफनभूमी आणि महावीर उद्यान सहज होते, अंबाबाईचे दर्शन आणि रंकाळा त्याच दिवशी जमतो. घरातल्या मुलांना नेणार असाल तर निघण्यापूर्वी नकाशावर ल्वूव, सैबेरिया, पहलवी, कराची आणि वळीवडे ही पाच ठिकाणे बोटाने जोडून दाखवा. बराकींत आज लोकांचे संसार आहेत. फोटो काढण्याआधी दारात उभे राहून विचारा. आत कोणी वयस्कर माणूस भेटले तर त्यांचे आईवडील सिंधमधल्या कोणत्या गावाहून आले तेही विचारा.